शेपटीवाली बटणं

कॉलरमामाच्या गोष्टी खोट्या असत, पण त्यांची शिवण पक्की असे. एका पहारेकऱ्याच्या गणवेशाला म्हणे त्याने इतकी कडक कॉलर लावली, की त्या माणसाला नोकरी संपेपर्यंत मान खाली घालता आली नाही. निवृत्तीच्या दिवशी सदरा उतरवला तेव्हा त्याला कळलं, आपण एवढी वर्षं दोन्ही पायांत डावेच बूट घालत होतो. हे सगळं मामा चहाच्या वेळी सांगायचा, सुतकात बसल्यासारखं तोंड करून, आणि ऐकणाऱ्यांचा चहा नाकातून बाहेर यायचा.

तो काही कुणाचा मामा नव्हता. गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात तो कॉलरी लावायचा, एवढंच. पण अख्खा हॉल एखाद्याला मामा म्हणायला लागला की त्याचं वजन काट्यावर दिसतं त्याहून जास्त भरतं. मामाने डबा उघडला की जेवणाची सुट्टी झाली असं लोक समजत. एकदा तो पाय मुरगळून लंगडत आला, तर दुसऱ्या दिवशी ओव्हरलॉकवाले दोघं लंगडत आले, असंही सांगतात. अर्थात सांगणारा मामाच.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, खडूबाईंचं टेबल होतं. शिवलेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जायचा. टीप वाकडी, खडूची फुली. खिसा तिरका, फुली. धागा लोंबतोय, फुली, आणि माल परत. तोंडासमोर सगळे त्यांना बाई म्हणत, पाठीमागे खडूबाई. मामाची एक गोष्ट त्यांच्यावरही होती. बाईंनी म्हणे लग्नात नवऱ्याच्या सदऱ्यावर फुली मारली, आणि म्हणून नवराच परत गेला. बाई एकट्या राहायच्या, तेव्हा ही काही हसण्यासारखी गोष्ट नव्हती. पण लोक हसायचे. बाईंच्या कानावर ती गेली होती की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला कोण जाणार.

वर्षातून एक आठवडा मशिनं बंद असत. शाळांचे गणवेश गेलेले, इस्पितळांचं कापड अजून यायचं. मग मशिनांना तेल घालायचं, पट्टे बदलायचे, बॉबिनच्या खोबणीतला वर्षाचा कचरा टोकरून काढायचा. याच आठवड्यात मालकीणबाईंनी गोष्टींची स्पर्धा सुरू केली होती. ज्याला सुचेल त्याने लिहायचं, भिंतीवर टाचायचं, बाकीच्यांनी वाचून मत द्यायचं. आपलं मत आपल्याच गोष्टीला द्यायचं नाही, हा एकच नियम. जिंकेल त्याने शेवटच्या दिवशी कटिंग टेबलापाशी उभं राहून आपली गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवायची. कपही असायचा, पण त्याचा कान पहिल्याच वर्षी तुटला होता, तेव्हा खरं बक्षीस ते वाचणंच.

मामा दर वर्षी जिंकायचा.

मालकीणबाईंना न्यायाचं वेड होतं. आधी हात वर करून मतं घेतली, तर माणसं गोष्टीकडे न बघता शेजाऱ्याच्या काखेकडे बघायला लागली. मग त्यांनी गोष्टींवरची नावं काढून टाकली आणि ऑफिसातून सगळ्या एकसारख्या टाइप करून आणल्या. उपयोग शून्य. वाचताना हसू आलं की ती मामाची, झोप आली की ती काजं करणाऱ्या काजवाल्याची, हे लहान मूलसुद्धा सांगेल. मग आल्या काचेच्या बरण्या. एकेका गोष्टीपुढे एकेक बरणी, प्रत्येकाला एक बटण, आवडेल तिथे टाका. पण काचेतून ढीग दिसतो, आणि ढीग दिसला की पाय तिकडेच वळतात, मुंगीचे काय आणि शिंप्याचे काय. तेव्हा मालकीणबाईंनी बरण्यांना झाकणं शिवायला सांगितली. गणवेश शिवणारी माणसं ती. झाकणं कसली, त्यांनी बरण्यांना अंगरखेच चढवले. गळ्याशी इलॅस्टिक, हात आत जाईल, नजर जाणार नाही.

"आता कुणाला काही दिसणार नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

दिसत नव्हतंच. ऐकू येत होतं. मशिनं बंद असली की त्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी तिची जात कळायची. भरलेल्या बरणीत बटण पडलं की 'खळ्' व्हायचं, बटणावर बटण. रिकाम्या बरणीत पडलं की 'टणण'. आणि टणण झालं की चाळीस माना वळायच्या. बाह्या लावणाऱ्या एका बाईने गेल्या वर्षी बिचारीने मनापासून एक बटण रिकाम्या बरणीत टाकलं, तर तिचं नाव वर्षभर टणटण पडलं. "अगं, मला शेजारच्या बरणीत टाकायचं होतं," असं ती अजूनही सांगते, आणि तिचा नवराही विश्वास ठेवत नाही.

तर आता टणण कोण करणार. सगळ्यांची बटणं मामाच्या बरणीत, खळ् खळ् खळ्.

बाई दर वर्षी गोष्ट लिहायच्या. दर वर्षी त्यांची बरणी अंगरखा काढल्यावर धुऊन ठेवल्यासारखी निघायची. या वर्षी मशिनं पुन्हा सुरू झाली की थोड्याच दिवसांत त्या काम सोडणार होत्या, भाच्याकडे राहायला जाणार होत्या. स्पर्धेचा कागद लागला त्या दिवशी त्या मालकीणबाईंकडे गेल्या.

"कप नको मला," त्या म्हणाल्या, "पण एकदा माझी गोष्ट सगळ्यांपुढे वाचायची आहे. इतकी वर्षं यांच्या कपड्यांवर नुसत्या फुल्याच मारल्या."

"मतं पडली तर नक्की वाचा, बाई," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला एकीला सवलत दिली तर बाकीच्यांना काय सांगू?"

"सवलत मागायला आले नाही. यंदा मत देताना जरा गोष्ट वाचून द्या, एवढं सांगा त्यांना."

ऑफिसचं दार पातळ. चहाच्या आत हे हॉलभर झालं.

मामाने बाईंची गोष्ट तेलाची बुधली हातात धरून वाचली. छोटी होती. माल तपासणाऱ्या एका बाईच्या हाती एक सदरा येतो, ज्यात काही म्हणजे काही चूक नाही. ती दिवसभर शोधते. उलटा करते, उजेडात धरते, टाके चाचपते. मग खडू खाली ठेवून तो सदरा घेऊन ती एकेका मशिनपाशी जाते आणि विचारते, हा कुणी शिवला? तिला फक्त सांगायचं असतं की फार सुरेख झालाय. पण ती येताना दिसली की माना खाली जातात, कुणी दोरा ओवायला लागतं, कुणाला एकदम बाहेर जावंसं वाटतं. मी नाही, मी नाही. शेवटी ती परत जागेवर येते, आणि तो सदरा बाकीच्या सदऱ्यांत घालून देते. एवढंच.

बुधलीतून तेल गळून मामाच्या चपलेवर पडत होतं. त्याला तो दिवस आठवत होता. बाई खरंच एक सदरा घेऊन हॉलभर फिरल्या होत्या, आणि त्या दोन मशिनं पलीकडे असतानाच मामा पोटात कळ आल्यासारखं करून बाहेर सटकला होता. परत आल्यावर त्याने त्यावर एक नक्कलही केली होती. चांगली झाली होती नक्कल.

त्या संध्याकाळी घरी बायको धुतलेले कपडे घडी करत बसली होती. मामाने तिला बाईंची गोष्ट सांगितली. मामाच्या गोष्टी ती एका कानाने ऐकायची. सतरा वर्षं संसार केलेल्या बाईला दुसरा कान मोकळा ठेवावाच लागतो. पण सदरा घेऊन बाई तिसऱ्या मशिनपाशी गेली, तेव्हा तिचे हात थांबले.

"मग?" ती म्हणाली.

मामाने पुढचं सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं, की या घरात आपल्या कुठल्याही गोष्टीला 'मग?' असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

"ही तुमची नाही," बायको म्हणाली.

"कशावरून?"

"हिच्यात तुम्ही कुठेच नाही." तिने घडी पुरी केली. "कुणाची?"

"आमच्या खडूबाईची."

"जिची तुम्ही नक्कल करता ती? जिचा नवरा परत पाठवला तुम्ही?"

मामा उगाच एक धुतलेला रुमाल घडी करायला लागला.

"मग उद्या बटण तिलाच ना?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही," बायको म्हणाली आणि त्याच्याच सदऱ्याची घडी जरा जोरात घातली.

आता मामाची अडचण नीट समजून घ्यायला हवी. त्याला बाईंची गोष्ट आपल्या गोष्टीपेक्षा चांगली वाटली होती. तेवढी अक्कल त्याला होती. त्याची या वर्षीची गोष्ट होती नदीला विजार शिवणाऱ्या शिंप्याची. माप घ्यायला शिंपी उगमापासून चालत निघतो, माप पुरं होईपर्यंत म्हातारा होतो, आणि विजारीचा एक पाय आखूड होतो, तिथे धबधबा. बरी होती. पण 'मग?' विचारावं अशी नव्हती. बाईंच्या बरणीत बटण टाकायचं तर टणण होणार. चाळीस माना वळणार. आणि मामाने टाकलं म्हटल्यावर त्या माना नुसत्या वळून थांबणार नाहीत, मागोमाग उठून बटणं टाकायला जाणार. म्हणजे मामाचं एक बटण नव्हतंच ते, तो अख्खा निकाल होता. बाई जिंकणार आणि मामा पहिल्यांदाच खाली बसून टाळ्या वाजवणार. मत तर द्यायचं, पण बाई जिंकता कामा नयेत. असं काही असतं का? मामाच्या मते असायला हवं होतं.

मतदानाच्या सकाळी बाई सगळ्यांच्या आधी जागेवरून उठल्या. सरळ बरण्यांच्या टेबलापाशी गेल्या, पाठ हॉलकडे, आणि बटण टाकलं. बरण्या सगळ्याच रिकाम्या होत्या. टणण. कोपऱ्यातल्या पंख्यापर्यंत आवाज गेला.

"स्वतःलाच घातलं असणार," काजवाला मामाच्या कानात म्हणाला. "दुसरं कोण घालणार म्हणा."

मामा हसला. हसण्यासारखं नव्हतं, पण सवय.

मग एकेक जण उठू लागलं. मामा मशिनचा पट्टा काढून बसला होता, कान मात्र टेबलाशी. खळ्. खळ्. आवाज त्याच्याच बरणीच्या बाजूने येत होता, त्यात शंका नव्हती. बाई आपल्या टेबलाशी चष्मा पुसत होत्या. कुणी उठलं की त्यांचा पुसणारा हात थांबायचा, खळ् झालं की परत पुसायला लागायचा. दुपारपर्यंत त्या चष्म्याच्या काचा निम्म्या झिजल्या असतील.

चहाच्या आधी मामा उठला. त्याच्या मुठीत बटण होतं, आणि बटणाला त्याने पांढरा दोरा बांधला होता.

टेबलापाशी जाऊन त्याने पाठ केली, उजवा हात बाईंच्या बरणीच्या इलॅस्टिकमधून आत घातला आणि विहिरीत घागर सोडावी तसं बटण हळूहळू खाली सोडलं. आवाज नाही. तळ लागला, तोही कसा कोण जाणे, मऊ लागला. त्याच वेळी डाव्या कोपराने त्याने काजवाल्याच्या बरणीला एक ढूस दिली. आतल्या दोन-चार बटणांचं खळ् झालं. मित्राला मत दिलं, हॉलने ऐकलं. आता दोरा ओढून काढावा तर बटण काचेला लागून वाजणार. म्हणून त्याने कमरेच्या छोट्या कात्रीने दोरा वर कापला आणि शेपूट आत सोडून दिलं.

जागेवर येताना त्याला फार बरं वाटत होतं. मत योग्य जागी पडलं होतं, आणि काही बिघडलंही नव्हतं. असा पुण्याईचा सौदा रोज थोडाच जमतो.

दुसऱ्या दिवशी सगळे कटिंग टेबलाभोवती जमले. कपबशा मांडलेल्या. मामाने गोष्ट घडी करून वरच्या खिशात ठेवली होती, वाचायला पटकन काढता यावी म्हणून. मालकीणबाईंनी बरण्यांचे अंगरखे उतरवायला सुरुवात केली. काजवाल्याच्या बरणीत मोजकी बटणं होती. आणखी दोघांच्या तशीच. मामाच्या बरणीचा अंगरखा उतरला आणि मामाला वाटलं, चुकून दुसऱ्याची उघडली. निम्मीही भरली नव्हती. एवढं दिवसभर खळखळत होतं ते काय होतं मग?

शेवटी बाईंची बरणी. मालकीणबाईंनी इलॅस्टिक ओढलं आणि हात तसाच ठेवला.

बरणी भरलेली होती. आणि आतल्या प्रत्येक बटणाला शेपूट होतं. बाहीवाल्यांचं खाकी, खिसेवाल्यांचं निळं, ओव्हरलॉकवाल्यांचं जाड करडं, पांढरं, हिरवं. बेडकाची पिल्लं बरणीत भरून ठेवावीत तसं दिसत होतं. दोऱ्यांची अशी गादी झाली होती की वरून दगड टाकला असता तरी वाजला नसता.

कुणी कुणाकडे बघेना. मामाने मात्र एकेकाकडे बघितलं आणि त्याला कळलं. अख्ख्या हॉलने एका हाताने बाईंना बटण सोडलं होतं आणि दुसऱ्या कोपराने मामाची बरणी हलवली होती. मामाचाच मामा केला होता. रागवायची सोय नव्हती, कारण त्याने काजवाल्याचा तोच केला होता. काजवाला आपल्या बरणीतली बटणं मोजत होता; कालच्या आवाजांपेक्षा एक कमी भरलं. मग त्याने मामाकडे बघितलं, आणि त्याच्या कपाळावर एक आठी शिवल्यासारखी बसली.

"बाईंची मतं सगळ्यांत जास्त आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "पण हे दोरे कसले?"

काजवाल्याला कुणावर तरी राग काढायचा होताच. "बाई, तुमचाच नियम आहे," तो म्हणाला. "धागा लोंबला की माल परत. साधं बटण टाकायचं असं ठरलं होतं. ही मतं चालायची नाहीत."

दोघं-तिघं हसले आणि लगेच थांबले.

मालकीणबाईंनी बराच विचार केला. "मत खोटं आहे असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणीतरी एकानेच बसून दोरे बांधून बटणं भरली असंही होऊ शकतं. तेव्हा असं करू. ज्यांनी ज्यांनी ही बटणं टाकली त्यांनी हात वर करा. तेवढी मतं धरली जातील. बाई आपली गोष्ट वाचतील."

हॉलमध्ये कपाखालची बशीसुद्धा हलली नाही. बाहीवाली टणटण चपलेच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. हात वर करायचा म्हणजे मामाच्या तोंडावर सांगायचं, की आम्ही तुझी बरणी नुसतीच हलवत होतो. सगळे मामाकडे चोरून बघत होते. मामाने हात वर केला असता तर पुढच्या क्षणी तिथे हातांचं जंगल उगवलं असतं, हे मामाला कळत होतं. इतरांपेक्षा त्यालाच जास्त कळत होतं.

बाईंनी बरणीत हात घालून एक पांढऱ्या शेपटीचं बटण काढलं. चष्मा कपाळावर चढवून गाठ बघितली. मामाची गाठ त्या रोज बघत होत्या, प्रत्येक कॉलरीच्या पोटात. मामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाईंनी कुणाकडेही न बघता बटण परत बरणीत ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

मामाचा हात उठला. खरंच उठला. खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला, आणि तिथे त्याने कान खाजवला आणि खाली गेला.

त्याचं बघून आणखी दोघांनी कान खाजवले.

"कुणीच नाही?" मालकीणबाई म्हणाल्या.

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही वाचा तरी. मी सांगते म्हणून वाचा."

"मतावर वाचायची होती, मालकीणबाई. मेहेरबानीवर वाचून ती तशी होत नाही." त्यांनी भिंतीवरची आपली गोष्ट उतरवली. चारही टाचण्या नीट काढल्या, टाचण्यांच्या उशीत खोचल्या आणि कागद दुमडला.

तेव्हा शिल्लक राहिला मामा. काजवाला सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही घाईने, जणू काही तरी झाकायचं होतं. मामाने नदीच्या विजारीची गोष्ट वाचली. आवाज लागत नव्हता. पण लोक हसले. जिथे हसायचं तिथे हसले आणि जिथे नव्हतं तिथेही हसले. विजारीचा पाय आखूड पडला तिथे मामाला एक नवीनच हसू ऐकू आलं, कोरडं, थोडं गंजलेलं. त्याने वर बघितलं. बाई हसत होत्या. उपहासाने नाही. गोष्ट ऐकताना माणूस हसतं तशा.

चहा झाल्यावर त्या मामापाशी आल्या. कप विसळायला चालल्या होत्या, जाता जाता थांबल्या.

"धबधबा चांगला जमलाय," त्या म्हणाल्या. "पण माप घेण्यात फार वेळ घालवलास. तिथे एक चिमटा घेऊन आखूड केलंस तर बरं होईल."

"हो, बाई."

"बाकी काल पहिलं बटण तुझ्याच बरणीत टाकलं मी. आवडली म्हणून."

मामाने तुटक्या कानाचा कप दोन्ही हातांत धरला होता. काल सकाळचं ते टणण त्याच्या बरणीतलं होतं. उभ्या हॉलसमोर, कुणी हसेल का याचा विचार न करता, बाईंनी वरून टाकलं होतं. आणि त्यावर तो हसला होता.

"तुमचीही..." तो म्हणाला. तेवढ्यात कटिंग मास्तर पाठीवर थाप मारायला आला, आणि बाई कप विसळायला गेल्या.

घरी बायकोने विचारलं, "जिंकली का ती?"

"नाही."

"तुम्ही दिलं होतं ना?"

"दिलं होतं," मामा म्हणाला. हे खरं होतं, आणि आजवर बोललेल्या कुठल्याच खोट्याची त्याला इतकी लाज वाटली नव्हती.

इस्पितळांचं कापड आलं. मशिनं सुरू झाली आणि हॉल पुन्हा इतका दणाणू लागला की माणसं भुवयांनी बोलू लागली. बाई नव्या तपासणाऱ्या मुलीला काम शिकवायला आठवडाभर राहणार होत्या. मामा रोज ठरवायचा, आज सांगू. पहिल्या दिवशी बॉबिन अडकली. दुसऱ्या दिवशी काजवाला बघत होता; तो आता मामाशी फक्त कामापुरतं बोलायचा. त्यानंतर काहीच आड आलं नाही, तरी जमलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी मामा उठला आणि मशिनांच्या ओळीतून चालत खिडकीखालच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

बाई एका पांढऱ्या कोटाची बाही उजेडात धरून बघत होत्या.

"बाई," मामा म्हणाला, "तुमची गोष्ट फार चांगली होती. माझ्यापेक्षा."

"काय?" बाईंनी कानाला हात लावला. "मशिनं चालू आहेत रे. मोठ्याने बोल."

मामाने मागे बघितलं. बाहीवालीने मशिनवरचा पाय हलका केला होता. तिच्या पलीकडच्याने मान तिरकी केली होती. काजवाल्याचं मशीन तर बंदच होतं. तो सुई बदलत होता, किंवा बदलल्यासारखं करत होता. मामाने छातीत हवा भरली. मोठ्याने बोलणं त्याला काही नवं नव्हतं. याच हॉलमध्ये, याच मशिनांवरून त्याने पहारेकऱ्याचे डावे बूट शेवटच्या ओळीपर्यंत पोचवले होते.

"कॉलरींचा गठ्ठा आत्ता पाठवू का, म्हटलं," तो ओरडला.

बाईंनी बाही खाली केली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ. तपासताना बघत तसं.

"पाठव," त्या म्हणाल्या. "एवढंच विचारायला अख्खा हॉल ओलांडून आलास?"

"हो," मामा म्हणाला, आणि हे 'हो' त्याने चांगलं खणखणीत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.